भिंतीला भोक नको

डेस्कटॉपला इंटरनेट द्यायचे आमच्या घरात चार मार्ग होते. त्यातले तीन चुकीचे होते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते तिन्ही मी माझ्या सुनेच्या गळ्यात मारले. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. एकोणतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत मी, त्यातली निम्मी तक्रार विभागात. कानाला रिसीव्हर लावून दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि लाइनमनला सांगायचं, आधी वायर बघ रे बाबा, बाकीचं नंतर. हे माझं वाक्य ऑफिसात इतकं गाजलेलं होतं की माझ्या निरोपसमारंभात प्रत्येकाने भाषणात तेच म्हणून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले.

तर अशी मी बाई, घरात वायर नको म्हणून अडून बसले.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, मानपाडा रोडच्या आत. दुसरा मजला, दोन बेडरूम, हॉल, किचन. हे गेल्यापासून घरात तिघंच: मी, मुलगा आणि सून. दोघंही घोडबंदर रोडला नोकरीला, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. सकाळी साडेसातला बाहेर पडायचे ते संध्याकाळी सातला उगवायचे, आणि त्यातला बराच वेळ ट्रॅफिकमध्ये जायचा. सुनेचं काम मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढायचं. पाण्याचे पाइप कुठून जाणार, विजेच्या वायरी कुठून जाणार, ते ती कॉम्प्युटरवर मजल्यामजल्याने आखते. मला तिचं फार कौतुक होतं, आणि ते मी सोसायटीत सगळ्यांना ऐकवायचेही.

तिचं माहेर कोपरचं, बौद्ध. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा मी एका शब्दाने विरोध केला नाही. उलट मिरवलं. "आम्ही बाई असलं काही मानत नाही," हे वाक्य मी जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, हळदीकुंकवाला, कुठे कुठे म्हटलं असेल त्याला गणती नाही. बायका म्हणायच्या, तुमचं मन मोठं हो. मी मान हलवून ते कौतुक घ्यायचे. आणि स्वयंपाकघरात खरोखरच आमच्यात काही नव्हतं. ती भाकरी थापायची, मी भाजायचे. तिने केलेली सुक्या बोंबलाची चटणी मी बोटं चाटून खायचे. फक्त संध्याकाळचा दिवा लावायला मी तिला कधी सांगितलं नाही. "दमून आलीयेस, बस तू, मी लावते." दीड वर्षं, रोज. मला स्वतःलासुद्धा वाटायचं की मी काय समजूतदार सासू आहे!

मग तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात थोडा त्रास झाला आणि डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, बस नको, रिक्षा नको, हादरे बसतील असं काहीही नको. घोडबंदर रोडला हादरे न बसता कोण पोचलंय? तिने कंपनीकडे घरून काम मागितलं. कंपनी हो म्हणाली, पण अटी घालून. काम जड म्हणून लॅपटॉप चालणार नाही, कंपनी डेस्कटॉप घरी पाठवेल. इंटरनेट अजिबात तुटता कामा नये. आणि एक महिना बघू, नाही जमलं तर ऑफिसला या, नाहीतर बिनपगारी रजा घ्या. त्याच महिन्यात टीम लीड कोण होणार ते ठरणार होतं. त्या जागेसाठी ती दोन वर्षं राबत होती. "आई, एवढा महिना निघाला ना की मी सुटले," ती मला म्हणाली. तिच्यासाठी काय पणाला लागलं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं.

कॉम्प्युटर आला. तो आतल्या खोलीत ठेवला, कारण तिथेच टेबल होतं आणि दार लावून बोलता येत होतं. नेटवाला मुख्य दारापाशी राउटरचा डबा बसवून गेला होता, त्यालाच परत बोलावलं. चाळिशीचा, शांत माणूस होता. त्याने हॉल बघितला, खोली बघितली, मधली भिंत बोटाने वाजवली आणि म्हणाला, "काकू, डेस्कटॉपला वायरच द्या. दरवाजावर बीम आहे, तिथे ड्रिल जाणार नाही. देवघराच्या मागून एक भोक पाडतो, वायर सरळ टेबलाशी. दिसणार पण नाही. फक्त देव्हारा दोन मिनिटं पुढे घ्यावा लागेल."

अगदी बरोबर सांगितलं त्याने. मी लाइनमनला हेच सांगितलं असतं.

आमचा देव्हारा सागवानी आहे, एका बुटक्या चौथऱ्यावर ठेवलेला. मी अजून देव बाहेर काढायचा विचारच करत होते, तेवढ्यात सून पुढे झाली. ती कामाला वाघ, कुणी सांगायची वाट बघत नाही. "मी धरते इकडून," म्हणाली आणि वाकून तिने दोन्ही हातांनी देव्हाऱ्याची कड धरली.

"हात नको लावूस!"

मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा निघाला की नेटवाल्याच्या हातातलं ड्रिल खाली आलं. सुनेने हात काढून घेतले आणि ती सरळ उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी आंघोळ झालीय, आई."

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. किती साधेपणाने म्हणाली ती. मला सावरून घ्यायला जागाच करून देत होती.

"तसं नाही गं," मी म्हटलं. "अशा दिवसांत जड उचलू नये."

थाप चांगली होती, खपलीही असती. पण नेटवाला म्हणाला, "मी उचलतो की काकू, त्यात काय," आणि मी त्यालाही नको म्हटलं. तिथे सगळं उघडं पडलं. पोटुशीने उचलू नये म्हणून अडवलं, तर मग या धडधाकट माणसाला का अडवलं? आदल्या दिवाळीत रंगवाल्यांनी हाच देव्हारा उचलून गॅलरीत नेऊन ठेवला होता. ते कोण, कुठले, त्यांची आडनावं काय, मी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं. पण त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की दोघांनीही हॉलमधून निघून जावं. "राहू द्या ती वायर," मी म्हटलं. "नुकताच रंग दिलाय, भिंतीला भोक नको. आता सगळं वायरलेसच असतं, तेच करू."

नेटवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि सामान आवरलं. सून आत जाऊन खोलीत बसली.

मग सुरू झाली माझी शोधाशोध. मुलाला फोन करून वायफायचं डोंगल आणायला लावलं, नखाएवढं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. पहिल्या दिवशी चाललं, तेव्हा मी म्हटलं, "बघ! उगाच भिंत फोडणार होतो." दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आतून आवाज आला, "हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?" मग शांतता, मग परत हॅलो. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, त्याच्या मागे भिंत, मध्ये लोखंडी कपाट. तिथे त्या नखाएवढ्या तुकड्याचं काय चालणार, कपाळ?

दुसरा मार्ग, अँटेनावालं डोंगल. लांब वायरीचं, म्हणजे अँटेना हवी तिथे ठेवता येते. ते मी स्वतः स्टेशनजवळच्या दुकानातून आणलं. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरच्या आत कार्ड बसवून देतो, ते जास्त चांगलं. पण कंपनीच्या डब्याला सील होतं, उघडायचा प्रश्नच नव्हता. मी ती अँटेना खिडकीच्या पडद्याच्या दांडीला नाडीने बांधली. फरक पडला. पण कुणी मायक्रोवेव्ह लावला की आत हॅलो हॅलो सुरू. मी मायक्रोवेव्ह बंद केला. गार पोळी-भाजी खायला लागले आणि मनात म्हणू लागले, सुनेसाठी मी किती करते! आता लिहिताना माझा मलाच राग येतो. देव्हारा हातभर पुढे ओढला असता तर गरम जेवता आलं असतं, आणि तिला काम करता आलं असतं.

मुलगा रविवारी म्हणाला, "आई, मी उचलतो देव्हारा, बोलाव त्या माणसाला."

"रंग खराब होईल म्हटलं ना एकदा," मी त्याच्यावर खेकसले. आता हो म्हटलं असतं, तर मग आधी नाही का म्हटलं होतं ते सांगावं लागलं असतं. एकदा खोटं बोललं की ते खरं करण्यासाठी माणूस काय वाटेल ते करतो, स्वतःच्या नातवाच्या जिवाशीसुद्धा खेळतो. सुनेने तिसरा मार्ग धरला, मोबाइल वायरीने कॉम्प्युटरला जोडला आणि त्यावरून नेट घेतलं. तोही मीच सुचवलेला. मोबाइल खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवला तरच रेंज मिळायची. दुपारी ऊन आलं की तो तव्यासारखा तापायचा, आणि चार वाजले की दिवसाचा डेटा संपायचा.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तिची मोठी मीटिंग होती. परदेशातले लोक होते, एका टॉवरचे सगळे मजले तिला समजावून सांगायचे होते. मी हॉलमध्ये बसून ऐकत होते. चार वेळा लाइन तुटली. तिसऱ्या वेळेला ती इंग्रजीत माफी मागत होती, चौथ्या वेळेला नुसतंच हॅलो, हॅलो. मग तेही बंद झालं. दार ढकललं तर ती काळ्या स्क्रीनसमोर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून.

"दुसऱ्याने पूर्ण केलं," ती म्हणाली. "माझे मजले दुसऱ्याने सांगितले."

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. सोमवारपासून ऑफिस, नाहीतर रजा. नेटची पक्की सोय करून दाखवते म्हणून तिने दोन दिवस मागून घेतले, भावाला बोलावलं, आणि शनिवारी सकाळी कॉम्प्युटर गाडीत घालून कोपरला निघून गेली. जाताना वाकून नमस्कार केला मला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी सोसायटीत सांगितलं, बाळंतपणाला गेली माहेरी. शेजारीण म्हणाली, "अहो, पाचव्या महिन्यात कोण जातं बाळंतपणाला?" मी म्हटलं, "आजकालच्या मुली, त्यांना आईच हवी असते." आणखी एक थाप. टीम लीडची जागा दुसऱ्याला मिळाली हे मला मुलाकडून कळलं. जेवताना त्याने सांगितलं आणि ताट उचलून उठला.

त्यानंतर दहा-बारा दिवस घर खायला उठलं. दिवा लावताना सगळं आठवायचं. शेवटी एका सकाळी मी देव काढून पाटावर ठेवले, पदर खोचला आणि देव्हारा एकटीनेच ओढला. हलला की लगेच! नेटवाल्याला बोलावलं. तो आला, काही विचारलं नाही, भोक पाडलं, वायर आत नेली. वीस मिनिटंही लागली नाहीत. त्याच दुपारी ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा घेऊन मी रिक्षाने पुलावरून पश्चिमेला, कोपरला गेले.

तिच्या माहेरचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. विहीणबाईंनी हसून दार उघडलं. समोरच खिडकीपाशी टेबल, त्यावर तो कॉम्प्युटर, वर फळीवर पितळेची बुद्धमूर्ती, आणि दारापासून निघून फळीच्या मागून आलेली निळी वायर. मी बघतेय हे बघून विहीणबाई म्हणाल्या, "मुलाने टाकली हो. मूर्ती खाली घेतली, भोक पाडलं, परत ठेवली. दहा मिनिटांचं काम." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

सून खुर्ची फिरवून बसली. चेहरा भरला होता तिचा, तब्येत चांगली दिसत होती.

"वायर टाकून घेतली मी," मी म्हटलं. "देव्हारा ओढला, भोक पाडलं. आता घरी चल."

"कुणी ओढला?"

"मीच. एकटीने."

"गुडघे दुखतात ना तुमचे?" ती म्हणाली. "आई, एक विचारू? त्या दिवशी दुपारी तुम्ही देव परत का धुतलेत?"

हे मी वर लिहिलं नाही. चार मार्ग लिहिले, मायक्रोवेव्ह लिहिला, नाडी लिहिली, आणि हे गाळलं. त्या दिवशी नेटवाला गेला, सून खोलीत गेली, आणि मी सगळे देव ताम्हनात घेऊन बेसिनपाशी गेले. सकाळी पूजा झालेली होती. तरी चिंच लावून एकेक देव घासला, देव्हारा ओल्या फडक्याने पुसला, जिथे तिचे हात लागले होते ती कड दोनदा पुसली. ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा माझ्या हातात बाळकृष्ण होता. "ड्रिलची धूळ बसली गं," मी म्हटलं होतं.

"ड्रिल तर सुरूच झालं नव्हतं," ती आता म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं.

खोटं बोलायला माझ्याकडे आणखी काही उरलं नव्हतं. "तुझा हात लागला होता म्हणून," मी म्हटलं.

तिच्या माहेरी बसून, तिच्या तोंडावर, मी हे बोलले. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला चालतं व्हायला सांगेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिने नुसती मान हलवली, माहीत असलेलीच गोष्ट कुणी सांगावी तशी. "वाटलं होतं एकदा तरी तुम्ही आपणहून बोलाल," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही सुचवाल ते सगळं घेत राहिले." मग तिने घड्याळ बघितलं. "माझी मीटिंग आहे आता." खुर्ची फिरवली, हेडफोन लावला आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली.

मी तिच्या मागे कॉटवर बसून राहिले. विहीणबाईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला, शेजारी टेकल्या आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडच्या भिंती फार जाड आहेत म्हणे ना ताई, म्हणून रेंज मिळत नव्हती. सांगत होती ही."

म्हणजे तिने इथे माझ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. आपल्या आईपासूनही तिने मला झाकून ठेवलं होतं. मला बोलता आलं असतं. आत्ताच तर बोलले होते, दुसऱ्यांदा बोलायला असं काय लागतं? विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या, इतक्या मायेने की मी मान खाली घातली.

"हो ना," मी म्हटलं. "जाड आहेत."

सुनेने वळून बघितलं नाही. ती सातव्या मजल्यावरचे पाइप कुठून जातील ते समजावून सांगत होती, मग आठव्या, मग नवव्या. पाऊण तास बोलली ती, आणि एकदाही तिला हॅलो म्हणावं लागलं नाही.